भिंतीवरचे तीन डाग

१

तंजावूरच्या आपल्या मराठी माणसांत गुरुमूर्तीरावांना पाठीमागे 'सी.आय.डी.' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं पोरांचे दाखले तपासण्यात गेलेली. कोणी नुसतं 'सगळं छान आहे' म्हटलं की यांच्या कपाळाला आठी पडायची. सगळं छान असं जगात काही नसतंच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

एकुलती एक मुलगी जननी. तिच्यासाठी आलेली चार स्थळं त्यांनी चौकशी करकरून मोडली होती. पहिल्या मुलाची नोकरी तात्पुरती निघाली. दुसरा लपून तंबाखू खायचा. तिसऱ्याच्या आईचं गल्लीत कोणाशी पटत नव्हतं. चौथ्यात काहीच सापडलं नाही, म्हणून ते मोडलं.

चौकशीची त्यांची पद्धत ठरलेली होती. राहत्या घरी आधी जायचं नाही, कारण तिथे कॉफी मिळते आणि कॉफीबरोबर गोड बोलणं. आधी जायचं ते माणसं सोडून आलेल्या घरी. जुना घरमालक, जुना शेजारी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. या लोकांना आता कोणाची भीड नसते. यात गुरुमूर्तीरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी एकदा चौकशी केली की दुसरं कोणी ती पुन्हा करत नसे.

पाचवं स्थळ मद्रासहून आलं. शहराचं नाव बदलून वर्ष होऊन गेलं होतं, पण तंजावुरात सगळे अजून मद्रासच म्हणत. पत्र मराठीत होतं, अक्षरं तमिळ, आपल्याकडे बहुतेक लिहितात तसं. मुलगा प्रणवेश, वय अठ्ठावीस, नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात. वडील नाहीत. घरात आई अलमेलु आणि आजी ताराबाई. आजी फार दिवस काढणार नाही, म्हणून लग्न संक्रांतीला लागणाऱ्या तै महिन्यातच करायचं होतं. सोबत फोटो होता. मुलगा उंच, गोरा, हसरा.

जननी कम्प्यूटर सेंटरात शिकवायची आणि मद्रासला जायचं स्वप्न बघायची. तिनं फोटो पाहिला, दोनदा पाहिला, आणि पुस्तकात ठेवून दिला. मग वडिलांना तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "अप्पा, हेही तुम्ही मोडलंत, तर मला पुन्हा कोणाला दाखवू नका. मी लग्नच करणार नाही."

"ऐकिलें काय?" धनलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पोर चोवीस पुरी झाली. या वेळेस तुम्ही कांहीं हुडकून काढूं नका."

"मी कोठें काढतों? असतें तें दिसतें," गुरुमूर्तीराव म्हणाले. पण मुलीच्या आवाजानं ते हलले होते. त्यांनी बायकोला शब्द दिला, की उगाच खोट काढणार नाही. फक्त एकदा जाऊन येतो.

एस.टी.डी. बूथवरून त्यांनी मुलाच्या आईला फोन लावला आणि आधी कुठे कुठे राहत होतात, म्हणून पुसलं. लोक इथे अडखळतात. ही बाई अडखळली नाही. तिरुवोट्रियूर, मग रायपुरम, मग सांतोम, आता तिरुवान्मियूर, असं तिनं घरांच्या नंबरासकट धडाधड सांगितलं. एवढ्या सहज पत्ते देणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. बूथमधून बाहेर पडताना त्यांच्या कपाळाला आठी होती.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. चारही घरं समुद्राच्या काठाला होती.

२

एग्मोर स्टेशनवर सकाळी उतरून, लॉजवर अंघोळ करून ते बसनं तिरुवोट्रियूरला गेले. उत्तरेचं हे टोक समुद्र दर वर्षी थोडं थोडं खात होता. काठावर मोठाले काळे दगड टाकले होते आणि लाटा त्यांच्यावर आपटत होत्या.

"चौदा नंबर?" प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला म्हातारा हसला. पूर्वी तो बंदरात क्रेनवर कामाला होता. "चौदा नंबर आत गेलं, सार्." त्यानं पाण्याकडे हात केला. "माझं घर तेव्हा समुद्रापासून तिसरं होतं. आता पहिलं आहे."

चौदा नंबराची एकच भिंत उरली होती. दगडांच्या मध्ये ती एकटी उभी होती, समुद्राकडे तोंड करून. वर छप्पर नाही, बाजूला काही नाही. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तीन गोल काळपट डाग होते. रोज भिंतीला टेकून बसलं की केसांच्या तेलानं पडतात ना, तसे. गुरुमूर्तीरावांच्या स्वतःच्या घरी पडवीत त्यांच्या डोक्याचा असा एक डाग होता आणि त्यावरून बायको बोलत असे. म्हणून ते एवढंच नवल करत राहिले, की इतक्या वर्षांच्या पावसानं हे धुतले कसे गेले नाहीत.

म्हाताऱ्याला घर चांगलं आठवत होतं. "तिघं होती. मुलगा, त्याची आई आणि नवी सून. तुमच्याच बाजूची मुलगी. आपसात तुमची ती भाषा बोलायची. तारा नाव तिचं. एवढीशी पोर होती, वीस-एकवीसची."

"मूल?"

"मूल नव्हतं."

गुरुमूर्तीरावांनी मनात हिशेब जुळवून पाहिला. म्हाताऱ्याच्या सांगण्याप्रमाणे हे लोक अठ्ठ्याऐंशी साली इथून गेले. तेव्हा प्रणवेश एकोणीस वर्षांचा हवा. त्यांनी खिशातून फोटो काढला.

"हाच," म्हातारा लगेच म्हणाला. "हाच तो मुलगा. ताराचा नवरा."

"हा फोटो मागच्या महिन्यातला आहे."

म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "मग प्रकृती चांगली राखली आहे त्यानं," तो म्हणाला.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू स्पष्ट दिसत होते. त्यानं बापाला पाहिलं असणार, आणि मुलगा बापाच्या वळणावर गेला असणार. शिकायला कुठे वसतिगृहात असेल, म्हणून शेजाऱ्याला दिसला नसेल. नाव तर काय, आजीचं तारा, दुसऱ्या कोणाचंही तारा. गुरुमूर्तीरावांनी स्वतःची अशी समजूत घातली आणि बस पकडली. वळून पाहायची गरज नव्हती. तरी त्यांनी एकदा पाहिलं.

३

रायपुरमला मासळीचा वास बसच्या आधीच येऊन भेटला. मासेमारीच्या बंदराजवळ दुमजली घर होतं आणि घरमालकीण जिभेनं तिखट होती. गुरुमूर्तीरावांना असली माणसं फार आवडत. एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात.

"भाडं वेळेवर, भांडण नाही, पाहुणा नाही," ती म्हणाली. "एवढा चांगला भाडेकरू मला नको होता. घरात आवाज तर हवा! आले तेव्हा मुलगा, आई आणि आजी. आजी तिसऱ्या वर्षी गेली. मग महिन्याभरात सून आणली."

"सून?" गुरुमूर्तीरावांचा आवाज चढला.

"कुंभकोणमकडची. कॉलेज अर्धं टाकून आलेली. आली तेव्हा जिन्यात बसून माझ्याशी गप्पा मारायची, दारात रांगोळीचं एवढालं कोलम काढायची. पुढे कोलम लहान झालं. मग बंदच झालं. वर्षभरानं ती खाली उतरायचीच थांबली."

म्हणजे मुलाचं पहिलं लग्न झालेलं होतं! आणि पत्रात त्याचा एक अक्षर उल्लेख नाही. गुरुमूर्तीरावांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. नाक उगाच वास घेत नव्हतं तर.

"मग त्या सुनेचं काय झालं? गेली? सोडलं?"

"तेच मला कळलं नाही. घर सोडलं त्या दिवशी मी दारात उभी होते. टेम्पोत पुढे मुलगा आणि दोन बायका बसल्या होत्या. दोघींनी डोक्यावरून पदर घेतलेला. मी मुलाला पुसलं, सून कुठे आहे? तो म्हणाला, 'ही काय बसली आहे.' मी वाकून पाहिलं. दोन्ही म्हाताऱ्या होत्या."

"चेष्टा केली असेल."

"तो चेष्टा करणारा नव्हता," ती म्हणाली. "अलमेलु नाव होतं पोरीचं."

"अलमेलु आईचं नाव आहे. मुलाच्या."

"मला पोरीचं नाव ठाऊक नसेल काय? रोज जिन्यात बसायची."

वरची खोली आता बर्फाच्या पेट्या ठेवायला दिली होती. तिनं न मागता कुलूप काढलं. खिडकीतून बंदराचं पाणी दिसत होतं. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, पेट्यांच्या वर, तीन गोल डाग होते.

"तीन वेळा चुना मारला," घरमालकीण म्हणाली. "उन्हाळा आला की पुन्हा वर येतात."

गुरुमूर्तीरावांनी मधल्या डागाला बोट लावलं. तेल नव्हतं. बोट ओलं झालं आणि उगाच, का कोण जाणे, त्यांनी ते जिभेला लावलं. खारट होतं. समुद्राकाठच्या भिंती खाऱ्याच असतात, असं ते जिना उतरताना स्वतःला सांगत राहिले.

४

सांतोमच्या घरी त्यांना वर जायची गरज पडली नाही. इमारतीखाली झाडाच्या सावलीत एक बाई इस्त्रीची गाडी लावून उभी होती. कपड्यांवरून घर ओळखणारी.

"एक शर्टवाला, दोन लुगडी," ती कोळसे फुंकत म्हणाली. "शर्टाचं माप तीन वर्षांत बदललं नाही. बायका दोन, दोन्ही वयस्क. एक फार म्हातारी."

"तिशीच्या आतली कोणी? सून?"

"नाही." मग तिनं इस्त्री बाजूला ठेवली. "धाकटी म्हातारी एकदा कपडे द्यायला स्वतः आली होती. माझं वय विचारलं. मी म्हटलं, पन्नास. ती म्हणाली, मी तुझ्या अर्ध्या वयाची आहे. मला वाटलं आता हसेल. तर ती रडायला लागली. तेवढ्यात वरून मुलानं हाक मारली आणि ती गेली."

डोक्यात बिघाड असलेली बाई, गुरुमूर्तीरावांनी मनात नोंद केली. पहिलं लग्न लपवलं, वर आईला वेड. हे स्थळ मोडायला एवढं पुरे होतं. सरळ एग्मोरला जाऊन परतीची गाडी धरता आली असती. पण धनलक्ष्मीबाईंना शब्द दिला होता. घरी जाऊन 'एक मालकीण असं म्हणाली, एक इस्त्रीवाली तसं म्हणाली' सांगितलं, तर मायलेकी दोघी मिळून त्यांनाच वेड्यात काढतील. तोंडावर पुसून कबूल करून घेतलं पाहिजे.

निघताना त्यांनी मान वर केली. पहिल्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब राहत होतं. खिडकी उघडी होती आणि आतली भिंत दिसत होती. त्या लोकांनी भिंतीवर तीन कॅलेंडरं टांगली होती. शेजारी शेजारी, आणि इतकी खाली, की बसल्याशिवाय कोणाला तारीख वाचता येऊ नये.

५

तिरुवान्मियूरला पोचेपर्यंत चार वाजत आले. नवीन वस्ती, सुरूची झाडं, वाळूत शिरलेला रस्ता. अर्ध्या घरांचे रंग अजून ओले वाटत होते. त्यांनी येण्याचं कळवलं नव्हतं. चौकशी कळवून करायची नसते.

दार उघडं होतं. "कोण आहे घरांत?" त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग चपला काढून ते आत गेले.

समोरच्या खोलीत टीव्ही होता, नवा, त्यावर प्लास्टिकचं कव्हर. पुढे एक दार, आणि त्या दाराआड समुद्राकडची खोली. फर्निचर काही नव्हतं. भिंतीला टेकून तिघं बसली होती. मधे मुलगा, फोटोतल्यासारखाच. त्याच्या एका बाजूला पांढऱ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला हाडं आणि कातडी उरलेली म्हातारी. पाय पसरलेले, हात मांड्यांवर, डोकी भिंतीला. तिघांचे डोळे उघडे होते आणि खिडकीतून समुद्राकडे लागले होते.

गुरुमूर्तीराव दारातच थांबले. दुपारी माणसं बसतात, वारा घेतात, त्यात काय? पण लाट आली की तिघांची छाती एकदम वर येत होती. लाट फुटली की एकदम खाली. त्यांनी पाच लाटा मोजल्या. सहाव्या लाटेच्या वेळी त्यांना उमगलं, की आपलाही श्वास त्याच तालावर चालला आहे. घाबरून त्यांनी श्वास रोखून धरला.

तेव्हा मुलगा उठला.

"या मामा," तो हसून म्हणाला. "बसा. आम्ही तुमची वाट पाहत होतों. सगळीं घरें पाहून झालीं ना?"

बोलणं गोड, अदबीचं होतं. इतकी चांगली तंजावुरी मराठी आजकालच्या पोरांत त्यांनी ऐकली नव्हती. कोणत्याही आईबापाचं मन तिथेच निवलं असतं. मुलगा केळी आणतो म्हणून बाहेर गेला. म्हातारी हलली नाही. अलमेलुबाई कॉफी घेऊन आल्या.

पितळी वाटीतला पेला घेताना त्यांनी वर पाहिलं. केस पांढरे, गालांवर सुरकुत्या, मानेची शीर सुटलेली. साठीची बाई. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, केस नसलेली बारीक रेघ. आणि हात? हातांवर सुरकुती नव्हती. मनगटात बांगड्या सैल नव्हत्या.

"पहिलें लग्न तुम्ही लपविलेंत," गुरुमूर्तीराव कसंबसं म्हणाले. "ती मुलगी कोठें आहे?"

बाईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून तमिळमध्ये म्हणाली, "सार्, माझं दहावीचं मूळ मार्कशीट अजून तुमच्याकडेच आहे."

त्यांना काही कळेना.

"बी.एस्सी. दुसरं वर्ष. मी न्यायला येणार होते. तुम्ही म्हणालात, फी बाकी नाही, सही करून घेऊन जा. मग लग्नाची घाई झाली." तिनं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "जननी कशी आहे? तेव्हा शाळेत होती. ऑफिसात तुमचा डबा घेऊन यायची."

"तूं... तुम्ही..."

"तिला लवकर पाठवा, सार्," ती म्हणाली. "मी दमले. ती आली म्हणजे मला पुढे सरकता येईल."

फाटक वाजलं. ती भिंतीपाशी जाऊन बसली आणि डोकं टेकलं, बरोबर जिथे भिंत काळी पडायला लागली होती तिथे. गुरुमूर्तीरावांनी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला. चपला हातात घेऊन ते वाळूतून पळत सुटले. छप्पन्न वर्षांचा माणूस, धोतराचा काष्टा सुटलेला, भर दिवसा पळत होता. बायाबापड्या बघत उभ्या राहिल्या.

६

सोमवारी ऑफिसात पोचताच त्यांनी जुनं कपाट उघडलं. मनात एकच आस होती, की ती बाई वेडी निघावी. न नेलेल्या कागदांचा गठ्ठा खालच्या कप्प्यात होता. एक्क्याण्णव सालचा लिफाफा त्यांना पाच मिनिटांत सापडला.

अलमेलु. जन्म एकोणीसशे एकाहत्तर. मातृभाषा मराठी. अर्जावर चिकटवलेल्या फोटोत दोन वेण्या घातलेली मुलगी होती, डाव्या भुवईत बारीक रेघ. ती हिशेबानं आज सव्वीस वर्षांची होती.

गुरुमूर्तीराव लिफाफ्यावर हात ठेवून बसून राहिले. शिपाई चहा ठेवून गेला. तो निवला.

घरी त्यांनी धनलक्ष्मीबाईंना सगळं सांगायला घेतलं. तिरुवोट्रियूरची भिंत सांगितली, रायपुरमची मालकीण सांगितली. बाईंनी निमूट ऐकलं, मग त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. "उन्हांत फिरलांत," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरीचें होऊंच नये असें तुम्हांस वाटतें काय? खरें सांगा. ती गेली तर तुम्हांस करमणार नाहीं, हेंच ना?"

चौथं स्थळ त्यांनी खरोखरच त्याच कारणानं मोडलं होतं. लांडगा आला रे आला म्हणून चार वेळा ओरडलेला माणूस पाचव्या वेळी काय सांगणार! त्यांनी लिफाफा दाखवला. त्यात एका मुलीचं मार्कशीट होतं, आणखी काही नव्हतं.

शेवटी त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं. पत्रिका जुळत नाही, दोष जननीच्या पत्रिकेत आहे, माणसांत काही वावगं नाही. दुसऱ्याच्या घराला नाव ठेवलं असतं तर पुरावा मागितला गेला असता. स्वतःच्या मुलीला ठेवलं तर कोणी मागत नाही.

जननीनं ते ऐकलं आणि पुस्तकातला फोटो आणून त्यांच्या पुढ्यात टाकला. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. डबा भरून ठेवायची, हातात द्यायची नाही.

बूथवरून त्यांनी फोन लावला तेव्हा मुलानंच उचलला. पत्रिकेचं ऐकून घेतलं. जराही रागावला नाही.

"हरकत नाहीं मामा. आजीची घाई आहे, तें तुम्ही पाहिलेंच. आम्ही आणखी एक ठिकाण पाहतों." मग तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "तेथें जमलें नाहीं, तर मग तुमच्याकडेच येऊं. आम्हीच येऊं, तुम्हांस पुन्हां इतक्या लांब फिरवणार नाहीं."

७

मार्गशीर्ष संपत आला होता. रविवारी सकाळी पापनाशमहून जुन्या ओळखीचे बाळकृष्णराव आले. गुरुमूर्तीरावांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, सरळ मनाचे, भाताच्या गिरणीतून निवृत्त झालेले. सोबत नात होती, लक्ष्मीप्रिया. आईबाप लहानपणीच गेलेली ही पोर त्यांनी वाढवली होती. बावीसची असेल. ती आत जननीपाशी गेली, आणि थोड्या वेळानं आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. महिन्याभरात जननी पहिल्यांदा हसत होती.

बाळकृष्णराव पडवीत बसले. पाणी प्याले.

"गुरुमूर्ती, एक स्थळ आलें आहे," ते म्हणाले. "मद्रासचें. मुलगा प्रणवेश. तुमच्याकडे पत्रिका जुळली नाहीं म्हणे. आमची जुळते."

गुरुमूर्तीरावांनी पाण्याचं रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"माझ्यानें आतां इतकें फिरवत नाहीं. गुडघे गेले. म्हटलें, तुम्ही जाऊन आलांत, चार घरें पाहिलींत. तुमच्या नजरेंतून कांहीं सुटत नाहीं, हें सारा गांव जाणतो. तुम्ही सांगाल तें मी धरून चालेन." त्यांनी हात जोडले. "माझ्यामागें या पोरीस कोणी नाहीं. माणसें कशीं आहेत, तेवढें सांगा."

सांगायचं होतं. गुरुमूर्तीरावांनी तोंड उघडलंसुद्धा. हे म्हातारे विश्वास ठेवतील, हे त्यांना दिसत होतं. साऱ्या जगात हाच एक माणूस, ज्यानं त्यांच्या नुसत्या 'नको' वर स्थळ सोडलं असतं. कारणही पुसलं नसतं.

आणि मग तिथे जमलं नसतं, आणि ती माणसं इथे आली असती.

आत जननी लक्ष्मीप्रियेला कम्प्यूटरचं काहीतरी सांगत होती, तमिळमध्ये, भरभर, मधेच हसत. किती दिवसांनी तो आवाज घरभर ऐकू येत होता. गुरुमूर्तीरावांनी तो ऐकून घेतला.

"घर समुद्राकाठीं आहे," ते म्हणाले. "हवा उत्तम. माणसें तीनच. मुलीस काम पडायचें नाहीं."

"आणि मुलगा?"

"बोलायला गोड. आपली भाषा चांगली राखली आहे."

बाळकृष्णरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि डोळे पुसले. "लक्ष्मी," त्यांनी आत हाक मारली. "ये, मामांस नमस्कार कर. त्यांनीं तुझें काम केलें."

ती बाहेर आली. नुकतीच नहाली असावी. केस मोकळे, ओले, काळेभोर, गुडघ्यापर्यंत. तिनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वाद द्यायचा असतो. 'दीर्घायुषी हो' म्हणतात. गुरुमूर्तीरावांच्या तोंडून तो शब्द निघेना. स्वतःची त्यांना इतकी किळस आली, की पाय मागे घ्यावेसे वाटले. तरी ते उभे राहिले, कारण त्या किळसेच्या खाली, लाज वाटावी इतकं, सुटल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि नुसता ठेवून राहिले.